साखळीतला दीड तास

पेडण्याहून बेळगावला मी आता आंबोलीवरून जातो. साखळीला उतरणं माझ्याच्याने होत नाही.

त्या सकाळी गाडी बदलायला साखळीत दीड तास होता, म्हणून मावशीकडे निघालो. ती एकटी राहायची. गावात तेव्हा घरफोड्यांनी लोकांची झोप उडवली होती. भरदिवसा बंद घरं फुटत होती. अनोळखी माणूस दिसला की आधी खिडक्या लागायच्या, मग पडद्याआडून डोळे दिसायचे. माझ्या खांद्यावरची बॅग पाहून एकाने विचारलंच, "कोणागेर वता?" मावशीचं घर दाखवलं तरी तो जागचा हलला नाही. मला रागच आला.

मावशीच्या ग्रिलला कुलूप होतं. फोन बंद, चार्जिंगला लावायला ती विसरायचीच. मी बाहेरून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडायची लाज वाटली, कारण मागे तो माणूस बघत उभा होता. मावशी देवळात गेली असेल, असं मीच ठरवून टाकलं.

सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराने अडकवलेली पिशवी ग्रिलला तशीच होती. साडेनऊ वाजले तरी पाव बाहेर, म्हणजे घरात कोणी नाही, हे चोरांना वेगळं सांगायला नको. मी पिशवी काढली, गजांतून हात घालून आतल्या बाकावर ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन बस पकडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

कुलूप मावशीनेच चोरांच्या भीतीने आतून लावलं होतं. ती न्हाणीत पडली होती. समोरची शेजारीण रोज दहाला आपल्या खिडकीतून एवढंच बघायची, की पिशवी आत गेली, म्हणजे मावशी बरी आहे. दोघींचं तसं ठरलेलं होतं. त्या दिवशीही तिने बघितलं आणि निर्धास्तपणे कामाला लागली. दुसऱ्या सकाळी पोदेराला बाकावर कालचेच पाव दिसले, तेव्हा त्याने आरडाओरडा केला.

मावशी त्यानंतर पाच दिवस जगली. मी हॉस्पिटलात गेलो तो सगळं कबूल करायचं ठरवूनच. पण तिनेच आधी माझा हात धरला.

"मी ओ दिली रे पुता," ती म्हणाली. "तुका आयकूंक येवंक ना?"