सीतारामचा करगोटा

विक्रोळीच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीखालच्या चाळीत सीताराम नावाचा फिटर राहायचा. कारखान्यातला कुठलाही अडकलेला नटबोल्ट त्याच्या हातून सुटायचा, पण त्याच्या डोक्यात एकदा बसलेली गोष्ट काही सुटायची नाही, असं त्याची बायको द्रौपदी म्हणायची. हे कौतुक होतं की तक्रार, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्याच्या कमरेला साखळीचा करगोटा होता. तो मुंबईला कामाला निघाला तेव्हा आईने कोंबड्या विकून जत्रेतून चांदीचा म्हणून आणलेला. आकडा सैल होऊ नये म्हणून विकणाऱ्याकडूनच कायमचा दाबून घेतलेला. धाग्याचे करगोटे जुने झाले की माणसं बदलतात. हा मात्र आता शेवटीच निघेल, असं आईने सांगितलं होतं. शेवटी म्हणजे कधी, ते वेगळं सांगायला नको होतं. माणूस गेला की आंघोळ घालून त्याचा करगोटा तोडतात.

लग्नानंतर काही वर्षांनी त्याच्या कमरेला खाज सुटली. खोबरेल झालं, कडुनिंबाचा पाला झाला, मग मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. ट्यूब लावली की पुरळ दबायचं, सोडली की दुप्पट यायचं. कातडी काळी आणि जाड झाली, मधूनच फुटून पाणी यायचं. द्रौपदी बनियनवरचे डाग घासत राहायची. मुलगी प्रांजल मात्र वैतागायची.

"बाबा, काढून टाका ना ते! किती खाजवता!"

"खाजेन कोण मरणा नाय," सीताराम म्हणायचा.

शेवटी प्रांजलनेच त्याला ओढत पालिकेच्या इस्पितळात नेलं. तिथल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी परत बोलावलं. निकेलच्या पट्टीखाली लालभडक फोड उठले होते.

"काका, ही चांदी नाही," बाई म्हणाल्या. "जर्मन सिल्व्हर आहे. नावालाच सिल्व्हर, आत निकेल. त्याचीच तुम्हाला ॲलर्जी आहे. आजच काढा."

काढा हे त्याला ऐकूच आलं नाही. आपल्या आवशीला कुणीतरी भर जत्रेत फसवलं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्यावर तोडगाही त्याने फिटरचाच काढला. घरी येऊन साखळीला काळी टेप गुंडाळली. घामाने टेप सुटायची आणि तो पुन्हा गुंडाळायचा. तो झोपलेला असताना तोडून टाकावा, असं द्रौपदीच्या शंभरदा मनात आलं. पण जिवंत नवऱ्याचा करगोटा तोडायला तिचा हात धजला नाही. सरळ सांगायचं तर तीही भ्यायली.

अशीच वर्षं गेली. सीताराम रिटायर झाला. मग कमरेवर एका जागची खाज आपोआप थांबली आणि स्वारी खूश झाली. त्याच जागी चामखिळीसारखी गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून कुणाला दाखवली नाही. फुटून वास यायला लागला तेव्हा दाखवली. डॉक्टरबाईंनी तुकडा तपासायला पाठवला आणि कॅन्सर निघाला.

"ॲलर्जीने सगळ्यांनाच असं होत नाही," बाईंनी द्रौपदीला समजावलं. "पण ह्यांची कातडी वर्षानुवर्षं सुजलेलीच राहिली. शरीर त्या धातूशी भांडत बसलं आणि त्या भांडणात कॅन्सरचं फावलं."

द्रौपदीने मान हलवली. आता रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण ते आलं नाही. येताना तिने मेथीची जुडी घेतली आणि घरी बसून सगळी निवडली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सीतारामने हत्यारांच्या पेटीतून कटर काढून तिच्या हातात दिलं. परक्या माणसाने तोडलेला त्याला नको होता. तिने डोळे न मिटता साखळी तोडली. कमरेभोवती काळा वळ तेवढा राहिला.

"जखम सुकली काय नवो करगोटो हाड," तो म्हणाला. "काळ्या धाग्याचो."

तिने त्याच आठवड्यात नवा आणून कपाटात ठेवला. जखम काही सुकली नाही. पुढे जांघेत गाठी आल्या. पट्टी बदलताना तो विचारायचा, "सुकली?" ती म्हणायची, "सुकता हा." नंतर नंतर त्याने विचारणं सोडून दिलं. मग तिलाही खोटं बोलावं लागलं नाही.

तो गेला त्या सकाळी द्रौपदी भिंतीला टेकून बसली होती. बायका तिला रडवायला बघत होत्या आणि तिला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. बाहेर पॅसेजमध्ये पुरुषमंडळी आंघोळ घालत होती. गावचा दादू, सीतारामचा शेजारी, पुढे होऊन सगळं करत होता. त्याने कमर चाचपली आणि तो दारात आला.

"वयनी, करगोटो खंय?"

"मियां तोडलंय," ती म्हणाली. "आधीच."

रीत तर व्हायला हवी होती. द्रौपदी उठली, कपाट उघडून तिने नवा करगोटा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"ह्यो बांधा. मगे तोडा."

दादूने तो पट्टीवरूनच कमरेला बांधायला घेतला. द्रौपदी उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"सैल बांधा," ती म्हणाली. "तेंका काचता."

दादूने गाठ सैल केली आणि कात्री मागितली.