चालू वेळेवर आणलेले काटे

श्रीरामपुरात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि शेजारी परदेशी, भारी घड्याळांची शोरूम. तिथल्या काउंटरवरचा माणूस रोज माझ्याकडे चहाला येतो. माझ्याशी ‘लई’, ‘व्हय’ करत बोलणारा हा गडी काउंटरमागे गेला की एकदम पुस्तकी होतो. दुरुस्तीला पाठवलेलं जुनं घड्याळ तसंच परत आलं की म्हणतो, “कंपनी या मॉडेलचे पार्ट आता बनवत नाही.” ‘आम्ही’ कधीच नाही, कायम ‘कंपनी’. बोलताना स्वच्छ काच पुन्हा पुसत राहतो. मागे जाहिरात असते, ‘पिढ्यान्‌पिढ्या साथ’.

त्याची एक खोड आहे. बंद घड्याळ परत देण्याआधी तो काटे चालू वेळेवर आणतो. “मढ्याचे डोळे मिटतो ना, तसं,” म्हणतो.

परवा बेलापूरकडचे एक बाबा आले. थोरल्या भावाने बोटीवरच्या नोकरीत घेतलेलं त्यांचं घड्याळ असंच परत आलं होतं. याने काटे जुळवून ते हातात दिलं आणि तोंड उघडायच्या आत बाबांनी ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, कपाळाला लावलं आणि “लई उपकार झाले” म्हणत निघालेसुद्धा. हा काच पुसत राहिला. मीही तिथेच होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा ओशाळून पुन्हा आले. “सायेब, एस्टीत धक्का बसला. माज्याच हातनं बंद पडलं जनू.”

फडकं थांबलं. तो काउंटरच्या बाहेर आला.

“न्हाई बाबा. ते चालूच झालं नव्हतं. आमी केलंच न्हाई.”