रसूलभाईनं कुठं सांगितलंय

रसूलची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली, की बायका तव्यावरची भाकरी उतरवून ठेवत, डोक्यावर पदर घेत आणि उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहत. पुरुष मळलेली तंबाखू तशीच मुठीत धरत. नाव ऐकेपर्यंत कोणी हलायचं नाही, असा रिवाज होता. वाशी तालुक्यातलं बाजाराचं गाव ते. तिथं मेल्याची बातमी भोंग्यावरून सांगायचं काम रसूलकडं होतं. मयत हिंदूची असो की मुसलमानाची, आवाज रसूलचाच.

हे काम त्यानं मागून घेतलं नव्हतं. तरुणपणी तो टुरिंग टॉकीजची जाहिरात करायचा. टॉकीज बसली. मग बैलबाजार, मग निवडणुका. ही गिऱ्हाइकं येत-जात राहिली. मरणारी माणसं तेवढी नेमानं येत राहिली, आणि आवाज हळूहळू त्यांच्याच वळणावर गेला. एकदा एका दुकानदारानं त्याला साड्यांच्या सेलचं सांगितलं, तर दुकानासमोर माणसं खांद्यावर पांढरे टॉवेल टाकून जमली. दुकानदारानं पुन्हा बोलावलं नाही.

रसूलची एक पद्धत होती. बातमी आधी घराला, मग गावाला. मयताच्या दारात रिक्षा थांबवायची, इंजिन बंद करायचं, भोंगा बारीक करायचा आणि सगळी बातमी एकदा त्या उंबऱ्याला ऐकवायची. तोवर आतला माणूस नुसता पडून असे. रसूल बोलला, की रडणं सुरू व्हायचं, बांगड्या फुटायच्या, कोणीतरी सरपण बघायला जायचं. डॉक्टरनं सांगितलेलं वेगळं आणि रसूलनं सांगितलेलं वेगळं.

बलभीमअण्णा या बाबतीत फार काटेकोर होते. ढोकीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केलेला, अंगानं भला दांडगा माणूस. रोज सकाळी रसूलच्या रिक्षात मागं डाव्या अंगाला बसून स्टँडवर चहाला जायचं, हा त्यांचा नेम. ते बसले की स्प्रिंग कण्हायची आणि रिक्षा डावीकडं कलायची. तोल राखायला रसूल आपल्या सीटवर उजवीकडं सरकून बसे. इतकी वर्षं सरकून सरकून सीटच्या रेक्झिनला उजव्या बाजूनं खड्डा पडला होता.

“रसूल, माझी बातमी सांगताना घाई करू नको. माजी उपसरपंच म्हणायचं.”

“आठ म्हैने व्हता तुमी अण्णा. त्यातला निम्मा येळ कोर्टात गेला.”

“मग आठ म्हैन्याचा माजी म्हण. पण म्हण.”

“आन् म्याच आधी गेलो तर?”

“मग गावाला कळायचंच न्हाई. तू जिताच ऱ्हाशील.”

त्या वर्षी मार्चात टीव्हीवर रोज एक नवीन देश आजारी पडू लागला. आपलं गाव कधी, एवढंच लोक विचारत. रोग कोंबडीनं होतो असं कळल्यावर कोंबड्या फुकट वाटल्या गेल्या, आणि त्या न्यायला रांग लागली. शेजारच्या गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. पुण्याहून आलेल्या माणसाकडं, तो सख्खा भाऊ असला तरी, लोक लांबून बघू लागले. आणि मग सगळंच बंद झालं.

ग्रामसेवक व्यंकटरावांनी रसूलला बोलावून घेतलं. सरकारचं सांगणं साधं होतं: कोणीही घराबाहेर पडू नये. पहिल्या दिवशी ते स्वतः मोटारसायकलवर रिक्षाच्या मागं राहिले. रसूलनं पहिल्याच गल्लीत तोंड उघडलं आणि अख्खी गल्ली घराबाहेर पडली.

“चाचा, हे काय?”

“साहेब, नाव ऐकल्याबिगर आत जायची न्हाईत.”

“कुणाचं नाव?”

“तेच इचारायलेत सगळे.”

वरून एक पेनड्राइव्ह आला. त्यात कोणा बाईचा शहरी, स्वच्छ, हसरा आवाज होता. तो लावून रिक्षा फिरवली. लोकांना वाटलं कुल्फी आली, पोरं ग्लास घेऊन धावली. दोन दिवसांनी पेनड्राइव्ह कपाटात गेला आणि रसूल पुन्हा भोंग्यावर आला. निदान त्याचं तरी लोक ऐकत होते. मात्र आता ऐकताना त्यांचे चेहरे पांढरे पडत. “भाई, आमच्या दारात गिअर बदलू नका,” असं एका म्हातारीनं त्याला हात जोडून सांगितलं. कुठं कुठं रिक्षा गेल्यावर रस्त्यावर लिंबू कापलेलं दिसे. रसूल घरी बोलेनासा झाला. भाजीत मीठ नसलं तरी बायकोला, जैनबबीला, खुणेनंच सांगायचा.

वैशाखात अण्णांना खोकला झाला. मग दम. रुग्णवाहिका दारात आली तेव्हा ते कोणाचा हात न धरता चढले आणि सवयीनं डाव्या अंगाला बसले. त्यांच्या बायकोला, मथुराबाईंना, विलगीकरणासाठी झेडपीच्या शाळेत नेऊन ठेवलं. आठवडा व्हायच्या आत अण्णा जिल्ह्याच्या दवाखान्यातच वारले. प्लास्टिकचे झगे घातलेल्या माणसांनी तिथंच त्यांना अग्नी दिला. मुलगा अमरसिंह पुण्यात, सील केलेल्या इमारतीत; त्यानं बापाचा धूर मोबाइलवर पाहिला. मथुराबाईंना फोनवर कळवण्यात आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या, आणि मुदत संपल्यावर घरी येऊन दोन ताटं वाढली. कपाळावर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

“काकू, अण्णा गेले,” शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली.

“साहेब लोक काय, कुणाचं बी कुणाला सांगतेत. रसूलभाईनं कुठं सांगितलंय?”

रसूलनं सांगितलं नव्हतं, कारण मयतीची बातमी भोंग्यावर सांगायला मनाई झाली होती. बातमी ऐकली की गाव गोळा होतं, आणि गाव गोळा व्हायला नको होतं. आदेश तोंडी होता, पण अकलेचा होता. रसूलला त्यात खोट काढता येईना. खरं म्हणजे त्याला ती काढायची नव्हती.

अमरसिंहचा फोन आला. “चाचा, आई अजून बाबांची वाट बघतीय. तिला कोणी सांगितलं तर पटत न्हाई. तुमचं ऐकंल ती.”

“बेटा, बंदी हाय.”

फोन ठेवल्यावर जैनबबी म्हणाली, “बंदी है बोलके नै बोल रहे, या तुमकूच बोलना नै?”

रसूल उठला आणि धुतलेली रिक्षा पुन्हा धुवायला गेला.

रोज सकाळी तो मथुराबाईंच्या गल्लीत शिरे. बाई डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात उभ्या राहत. तोंडाला बांधा, हात धुवा, अंतर ठेवा, इथपर्यंत सगळं नीट ऐकत. नाव येत नसे. मग त्या “आज बी न्हाई,” असं स्वतःशीच म्हणून आत जात, आणि थोड्या वेळानं चुलीचा धूर निघे. रसूलला हळूहळू ध्यानात आलं, की अण्णांना रोज सकाळी आपणच एक दिवस वाढवून देतोय. आणि त्यालाही ते बरंच वाटत होतं. मग एका सकाळी बाजाराच्या वळणावर रिक्षा डावीकडं कलली. मागं कोणी नव्हतं. त्यानं आरसा फिरवून ठेवला.

सांगितलं नाही म्हणजे मेला नाही, आणि मेला नाही म्हणजे दिसणारच. पहिल्यांदा अण्णा दूधवाल्याला बांधावर दिसले. मग कोणाला उसाच्या कडेला, कोणाला मारुतीच्या पारावर. सगळ्या गावाची तोंडं उपरण्यांनी बांधलेली. त्यामुळं पांढरी टोपी घातलेला कोणताही जाडजूड म्हातारा अण्णाच ठरे. दोघं-तिघं म्हातारे टोपी घरी ठेवून हिंडू लागले. शेवटी कोणीतरी हेल्पलाइनला फोन लावला, की दवाखान्यातनं पेशंट पळून आलाय आणि गावात मोकाट फिरतोय.

सरकार या वेळी तातडीनं धावून आलं. पथकानं ऊस पालथा घातला. मग दोन पोलीस आणि एक नर्स मथुराबाईंच्या दारात उभे राहिले.

“बलभीम कवडे घरी आहेत का?”

“न्हाईत. येतील. बसा की.”

नर्स मटकन बसली. पोलीस उभेच राहिले.

मेलेल्या माणसाला ताब्यात घ्यायचा प्रसंग व्यंकटरावांच्या नोकरीत यापूर्वी आला नव्हता. त्याच संध्याकाळी ते रसूलकडं आले आणि अंगणातच थांबले. “चाचा, मनाई होती, ती एवढ्यापुरती उठली समजा. सकाळी सांगून टाका. गाव येडं व्हायलंय.”

“साहेब, दुसरं कुणी...”

“दुसऱ्याचं कोण ऐकतंय?”

सकाळी रसूलनं मथुराबाईंच्या दारात रिक्षा थांबवली. इंजिन बंद केलं. बाई आल्या, पदर सारखा करून उभ्या राहिल्या. इंजिन बंद झालेलं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चौकटीला हात धरला.

रसूलनं भोंगा बारीक केला. आता आपण थांबू, असं त्याला एकदा वाटलं; पण इतक्या वर्षांची वाट होती, जीभ तिच्यावरून आपली आपण निघाली. “कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आपल्या गावचे माजी उपसरपंच बलभीमअण्णा गोरोबा कवडे यांचे दुःखद निधन झाले आहे. त्यांची अंत्ययात्रा राहत्या घरून सकाळी दहा वाजता निघेल.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. मागोमाग आलेले व्यंकटराव मोटारसायकलवरून घाईनं उतरले. “चाचा, कसली अंत्ययात्रा? बॉडी कुठाय?”

मथुराबाई रसूलकडं बघत होत्या. “दहाला?”

नाही म्हणायला त्याच्याजवळ आवाज नव्हता. “व्हय, वहिनी.”

तेव्हा त्या उंबऱ्यात खाली बसल्या, आणि त्यांच्या तोंडून पहिला हुंदका फुटला. रसूलनं भोंगा मोठा केला आणि गल्लीगल्लीतून तेच सांगत गेला, ‘दहा वाजता’सकट. एका गल्लीत जरी वेळ गाळली असती, तरी ते बाईंना घरात बसून कळलं असतं.

दहाला रिक्षा दारात लागली. मथुराबाईंनी धोतर, टोपी आणि चपला टॉवेलात बांधून आणल्या होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्यांनी गाठोडं मागच्या सीटवर डाव्या अंगाला ठेवलं. “हितंच बसायचे न्हवं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मागं सरल्या.

अंत्यविधीला वीस माणसांची मुभा होती. होता एक ड्रायव्हर. रिक्षा निघाली तसं गाव उंबऱ्यांवर आलं. पण त्या दिवशी एकही पाऊल रस्त्यावर पडलं नाही. लोक चौकटीत उभे राहून हात जोडत होते, रिक्षाकडं, म्हणजे खरं तर तिच्या मागच्या सीटकडं. ग्रामस्थांनी नियमांचे शंभर टक्के पालन केले, असं व्यंकटरावांनी वर कळवलं. ते खरंही होतं.

बाजाराच्या वळणावर रिक्षा डावीकडं कलली. तिथं रस्त्यालाच उतार आहे. रसूल उजवीकडं सरकला.

स्मशानाच्या फाटकाशी त्यानं इंजिन बंद केलं. अण्णांना उतरायला वेळ लागायचा. तेवढा वेळ तो सवयीनं बसून राहिला. मागं स्प्रिंग एकदा कण्हली, आणि रिक्षा हलकी होऊन वर आली. आरसा फिरवलेलाच होता. रसूलनं तो सरळ केला नाही. बराच वेळ गेल्यावर तो उतरला, गाठोडं चौथऱ्यावर ठेवलं आणि काडी लावली. चपला जळायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सरकारचं सांगणं होतं. हात धुवा, अंतर ठेवा. गल्ली उंबऱ्यावर आली. मथुराबाईंचं दार लोटलेलं होतं. चुलीचा धूर नव्हता. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे आणून देतात. पण शेजारच्यांची अजून छाती होत नव्हती. जैनबबीनं डबा दिला होता. रसूलनं तो पायरीवर ठेवला आणि मागं होऊन उभा राहिला.

दार उघडलं. मथुराबाईंनी डबा उघडून बघितला, एका फडक्यात दोन भाकरी आणि त्यांच्यावर थोडं पिठलं काढून घेतलं, आणि बाकीचा डबा पुन्हा पायरीवर ठेवला.

“माझ्यापुरतं घेतलं, भाई. ऱ्हायलेलं न्या.”

रसूलनं डबा उचलून पुढं पायाशी ठेवला. गल्ली संपून बाजाराचं वळण आलं. तिथला उतार त्याला माहीत होता, तरी या वेळी रिक्षा उजवीकडं झुकली. त्यानं खाली बघितलं. तो एकटाच होता, आणि अजून सरकून बसला होता.