तुळशीपुढची रबरी चप्पल

माझ्या वडिलांना, म्हणजे सावळेराम नानांना, विजेतलं सगळं कळतं असं आमच्या वस्तीत मानलं जायचं. मानणाऱ्यांत सगळ्यांत पुढं नाना स्वतः होते.

घाटघरच्या रस्त्याला लागून आमची वीस उंबऱ्यांची वस्ती. खाली भाताची खाचरं, वर नाचणी. वस्तीला लाइन आली तेव्हा नाना ठेकेदाराकडं खांबांचे खड्डे खणायला गेले आणि वायर जोडायला शिकून परत आले. मग त्यांनी आमच्या घराचं सगळं वायरिंग एकट्यानं केलं. लाकडी पट्ट्या भिंतीला सरळ ठोकल्या, त्यावर तांबडी, काळी नि हिरवी अशा तीन वायरी नेल्या. तांबडीतून करंट येतो, काळीतून माघारी खांबावर जातो, आणि हिरवी चुकून सुटलेल्या करंटाला जमिनीत नेऊन सोडते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. काळीला न्यूट्रल म्हणतात आणि हिरवीला अर्थिंग. दुसरीतल्या पोरीला याचा काय उपयोग, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं.

नानांचे नियम दोन. पायात रबरी चप्पल असल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, हा पहिला. अर्थिंगची जमीन कायम ओली पाहिजे, हा दुसरा. म्हणून त्यांनी मीठ नि कोळसा भरून अर्थिंगचा लोखंडी पाइप पुरला तो थेट अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याशी. तुळशीला तर रोज पाणी मिळतंच. तांब्यात उरलेलं पाणी पाइपाच्या तोंडात ओतायचं काम आईला नेमून दिलेलं. "तुळस बी जगती, अर्थिंग बी जगतंय," असं नाना येईल त्या पाव्हण्याला सांगायचे. चहा त्यानंतर यायचा.

दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात मी मंचरहून, माझ्या सासरहून, माहेरी आले तर घरातला उजेड बिघडलेला. बल्ब लागायचा, पण आजारी माणसासारखा. पंखा नि टीव्ही एकदम लावले तर टीव्हीतलं चित्र आकसून बारीक व्हायचं. ट्यूब नुसती फडफडायची. हे होळीच्या वावटळीपासून चाललेलं. नानांनी आधी साठचा बल्ब काढून शंभरचा लावला, तर उजेड वाढायचा सोडून बाकीचे दिवे आणखी मंदावले. स्टार्टर बदलला, चोक बदलला, सगळे होल्डर खोलून पुसले. शेवटी जुन्नरच्या पेठेतून नव्या तऱ्हेचा, वाटोळ्या नळीचा सीएफएल आणला. तो मात्र लख्ख लागला! नाना त्याच्याकडं अर्धा तास बघत बसले.

"ह्यो लागतोय. मग त्यो का लागंना?" ते मला विचारत होते. मी काय सांगणार, मी डी.एड. केलेली बाई.

"व्होल्टेज कमी असंल," मी म्हणाले.

"मग गेणभाऊकडं कसं लख्ख? त्याचा नि आपला खांब एकच हाय."

शेजारच्या गेणभाऊकडं खरोखर लख्ख होतं. तो आपल्या वायरीतून लाइट ओढतो की काय, असाही नानांना संशय येऊन गेला. दोन दिवस ते गेणभाऊच्या वळचणीखाली मान वर करून फिरत होते. गेणभाऊनं मला हळूच विचारलं, "उज्ज्वला, तुज्या बाला मानंचं दुखणं झालंय का काय?" मी लाजेनं अर्धी झाले.

आणि या सगळ्यात आई एक वेगळंच सांगत होती. माझी आई सखूबाई, बोलणं कमी, पण बोलली की नेमकं. म्हणाली, "सकाळी तुळशीला पाणी घातलं का माज्या पायाला झिणझिण्या येत्यात. पाइपात पाणी वतलं का पार कोपरापत्तोर. आन त्याच टायमाला घरातला दिवा उजाळतो."

नाना हसले. इतके हसले की मला राग आला.

"पाणी घातल्यानं तुळस वाढती, दिवा न्हाई वाढत," ते म्हणाले. "वय झालंय तुजं. म्या केलेल्या वायरिंगात करंट उतरंलच कसा?"

होळीपासून ती हेच सांगत होती आणि होळीपासून तिला हेच उत्तर मिळत होतं. जुन्नरला दवाखान्यात नेऊन साखर तपासली, ती निघाली नाही. शक्तीच्या गोळ्या झाल्या. गेणभाऊची बायको म्हणाली, तुळस जागृत झाली, नवस बोला. आईचा तुळशीवरही विश्वास होता नि स्वतःच्या पायांवरही, त्यामुळं ती बिचारी पुरती गोंधळली होती. रात्री मला म्हणाली, "उज्ज्वला, मला कायतरी झालंय गं. वारं जायाचंय अंगावरून. त्याची आधी सूचना असंल." माझ्या आजीला तसंच वारं गेलं होतं, सात वर्षं ती खाटेवर होती. आईनं ती सात वर्षं काढली होती. मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तांब्या घेतला. आत टीव्ही, पंखा, दिवे सगळं सुरू होतं, कारण दहाला लाइट जायची नि त्याआधी सगळ्यांना सगळं हवं असायचं. मी अनवाणी ओल्या मातीत उभी राहिले, तुळशीला पाणी घातलं आणि आईच्या सवयीनं उरलेलं पाइपात ओतायला वाकले. तांब्याची कड पाइपाला लागली मात्र, मुंग्यांचं वारूळ हातात शिरावं तसं झालं. तांब्या अंगणभर गडगडत गेला.

"नाना!" मी ओरडले. "आई खरं बोलतीया!"

नाना टेस्टर घेऊन धावत आले. अंगणात भर ऊन. त्यांनी टेस्टर पाइपाला लावला, डोळे बारीक करून पाहिलं. "काय न्हाई. बत्ती लागंना." मग पाइपाला बोट लावलं. "काय न्हाई." मग पूर्ण हात. "मायलेकी मिळून मला येडा करणार!"

मला काहीच कळेना. माझा हात अजून बधिर होता आणि समोर हा माणूस तोच पाइप धरून खुशाल उभा. क्षणभर मलाही वाटलं, घराण्यातच काही दुखणं असेल.

आई ओसरीवरनं बघत होती. ती विजेवर बोललीच नाही. म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. आधी त्या चपला काढा. तुळशीपुढं कोन चपला घालून हुबं ऱ्हातं का?"

नानांनी खाली पाहिलं. पायात त्यांची ती नेहमीची निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल. तुळशीपाशी कधी जायचे तर काहीतरी खोलायला, तपासायला, आणि म्हणून चप्पल घालूनच. पूजा आईची. सतरा-अठरा वर्षांत त्या जागी ते एकदाही अनवाणी उभे राहिले नव्हते.

त्यांनी चप्पल काढली, ओल्या मातीत पाय ठेवले आणि पाइपाला हात लावला.

नाना जे मागं फेकले गेले ते थेट कट्ट्याला धडकले. तुळशीची एक फांदी मोडली. मी धरायला गेले तर त्यांनी मला हातानंच लांब राहायला सांगितलं. त्यांनी आईकडं पाहिलं.

मग उठून त्यांनी मेन स्विच पाडला आणि बोर्ड खोलला. आत काळी वायर जिथं येते तिथून हिरवीपर्यंत वीतभर वायरीचा तुकडा पिळून बांधलेला होता, धुळीनं राखाडी झालेला.

"ह्यो कुणी बांधला?" मी विचारलं.

"म्याच," नाना म्हणाले. "तुजी धाव्वीची परीक्षा व्हती तवा."

मला आठवलं. मार्चातला वारा, खांबावर तुटलेली आमची न्यूट्रल. वायरमन आठ दिवस येणार नव्हता आणि माझा भूमितीचा पेपर तोंडावर. अशा वेळी आमच्याकडं सगळेच करायचे ते नानांनी केलं. माघारीची वाट तुटली ना, मग काळी वायर हिरवीला जोडून करंट जमिनीत सोडायचा. अर्थिंगवर लाइट. तात्पुरतं. मी अभ्यास केला, पास झाले. वायरमननं येऊन खांबावरची न्यूट्रल जोडली आणि हा तुकडा सोडायचं राहून गेलं. दहा वर्षं काही झालं नाही. मग यंदा होळीच्या वावटळीत आमच्या एकट्याचीच न्यूट्रल पुन्हा तुटली असणार. तुकडा नसता तर घर अंधारलं असतं आणि नानांना त्याच मिनिटाला कळलं असतं. पण करंटानं ओळखीची वाट धरली. कोरड्या मुरमातून तो नीट जाईना म्हणून बल्ब मिणमिणत राहिला; थोडक्या करंटावर भागणारा सीएफएल तेवढा लागला. आई पाणी घालायची, मुरूम भिजायचा, करंटाला वाट मिळायची, दिवा उजळायचा. आणि त्या वाटेवर आई अनवाणी उभी असायची.

नानांनी तुकडा सोडवला नि मेन वर केला. घरातला एकही दिवा लागला नाही. सीएफएलसुद्धा.

"आता बराबर झालं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा काळोख करून ते निवांत बसले होते.

वायरमन तिसऱ्या दिवशी आला. तोवर गेणभाऊ दोनदा येऊन गेला. "काय राव, दिव्याखाली अंधार?" नाना एरवी अंगावर धावून गेले असते. या वेळी म्हणाले, "व्हय रं बाबा. चुकलो."

ही कबुली गेणभाऊला मिळाली, आईला नाही. मला त्याचा राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. "तिला सांगा की. होळीपासून मरणाच्या भ्यानं तिला झोप न्हाई." नाना टेस्टर पुसत बसले. माणूस असा का असतो, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही नीटसं कळत नाही.

मी मंचरला परत निघाले त्या सकाळी लाइट होती, बल्ब लख्ख होता. आईनं तांब्या भरला. नानांनी तो तिच्या हातातून घेतला. चप्पल उंबऱ्याशी काढली, तुळशीला पाणी घातलं, उरलेलं पाइपात ओतलं आणि हाताच्या तळव्यानं पाइप धरून ओल्या मातीत तसेच उभे राहिले. मग मागं न बघता म्हणाले, "ये आता."

त्यानंतर नाना नऊ वर्षं होते. आई सांगते, एक दिवसही त्यांनी तिला तुळशीपाशी आधी जाऊ दिलं नाही.