मोबाइल घेऊन भेसळ शोधताना

आमच्या नोकरीत रिपोर्ट दोन ओळींचा निघतो आणि किस्सा तासभर चालतो! मी आणि साळवीदादा मीरा-भाईंदरभर फिरून खाण्याचे पदार्थ तपासतो. म्हणजे दुधात कागदाची पट्टी बुडवायची, तिचा रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला दाखवायचा, की अॅप हिरवा नाहीतर लाल सिग्नल देतं. लाल आला तर नमुना लॅबला. इतकं सोपं काम! आता ऐका.

*

सिल्व्हर पार्कच्या एका सोसायटीत आमचा पहिला कॅम्प. साळवीदादा माइकवर समजावतायत, "मोबाइल से दूध का टेस्ट होगा, कोई भी घर पे कर सकता है." पट्टीचं सांगायच्या आत पुढच्या रांगेतल्या एका बेननी आपला फोन पातेल्यात सोडला!

आम्ही धावलो. बेन एकदम शांत. "रिझल्ट कितने मिनट में आयेगा?"

*

जेसल पार्कातल्या एका डेअरीवर सगळंच हिरवं येत होतं. मला संशय आला, म्हणून मी आमच्याकडचं मुद्दाम युरिया घातलेलं दूध तपासलं. तेही हिरवं!

साळवीदादांच्या मुलीने कॅमेऱ्याला ब्यूटी फिल्टर लावून ठेवला होता. पट्टीवरचे सगळे डाग गोरेपान! मी तो बंद करायला गेले, तर डेअरीवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, फिल्टर रहने दो ना!"

*

माशाच्या कल्ल्यांचा रंग बघून तो ताजा की शिळा हेही अॅप सांगतं. मुर्ध्याच्या बाजारात एका मावशींच्या टोपलीपाशी आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सकाळपासून दादांनी मोबाइल धरायच्या हातांनीच पंधरा-वीस टोपल्यांतले मासे उलटेपालटे केले होते.

"म्हावऱ्याचा फोटू कशाला रं?" मावशींनी विचारलं. दादांनी सगळं सांगितलं. मावशींनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, नाकाशी धरला आणि परत दिला.

"म्हावरा ताजा हाय. तुजा मोबाइल नासलाय!"

*

साळवीदादांनी घरीही अॅप वापरलं. एकदाच. वहिनींच्या डब्यातली हळद लाल आली. दादा खूश! "कितीदा सांगितलं तुला, सुटी हळद घेऊ नकोस!"

"चिपळूणहून तुमच्या आईंनी पाठवलीय," वहिनी म्हणाल्या. "लावू फोन? स्पीकरवर ठेवते."

दादा म्हणाले, "अॅपमध्ये बग आहे."

*

दिवाळीच्या तोंडावर भाईंदरला एका मिठाईवाल्या शेठकडे गेलो. दुकान भरलेलं. पेढ्यावर औषधाचे दोन थेंब टाकले, कॅमेरा धरला. लाल! रांगेतली दोन गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरली.

"तीस साल का नाम है," शेठ म्हणाले. मी सांगत होते, "शेठ, ये फायनल नहीं है, लॅब में जायेगा." त्यांनी ऐकलंच नाही. त्याच ताटातले पेढे उचलून एकामागून एक खायला लागले. सात पेढे! काउंटरवर बसलेल्या शेठाणी नुसत्या बघतायत.

"देखो, कुछ हुआ मेरे को? अब मेरे को टेस्ट करो!" असं ओरडून त्यांनी साळवीदादांचा हात धरला आणि मोबाइल स्वतःच्या टकलावर टेकवला.

टुंग! हिरवा. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: 'सेवनास सुरक्षित.'

शेठनी मोबाइल उंच धरून सगळ्या दुकानाला दाखवला. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

शेठाणींनी चष्मा लावला. स्क्रीन वाचली. शेठकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि साळवीदादांना म्हणाल्या,

"भैया, फिर भी इनको लॅब भेज दो."