भाताचं घमेलं आणि दोन गुडघे

ते दवाखान्यात एक्स-रे काढायचे, म्हणून चिमूरला आमच्या मोहल्ल्यात सारे त्यांना फोटोवाले भाऊ म्हणत. लग्न कुणाचंही असो, पंगतीत भाताचं घमेलं यांच्याच हातात. वाढताना नजर मात्र ताटावर नाही, जेवणाऱ्यांच्या पायांवर. मला त्याचा रागच यायचा.

एकदा ते माझ्यासमोर थांबले. "एक पाय लांब काऊन केला?" त्यांनी विचारलं.

"गुडघा दुखते. तेल लावून राह्यलो."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि भर पंगतीत माझा पाय धरून हलकेच आत वळवला. मी किंचाळलोच.

"गुडघा नाई, खुबा हाये. उद्या डॉक्टरले दाखवा, मंग फोटो काढतो."

फोटोत दुखणं खुब्याच्याच हाडात निघालं. हाडाच्या क्षयाची सुरुवात होती. वर्षभर गोळ्या खाल्ल्या, कुबडी वापरली.

त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात मी ऐटीत मांडी घालून बसलो. भाऊ घमेलं घेऊन आले, वाकून पाहिलं आणि सारी पंगत थांबवून ओरडले, "पाहा, पाहा! दोन्ही गुडघे जमिनीले टेकले!"

मग हसत हसत पुढे गेले, मला भात वाढायचं विसरून.