आत्याची गाडी आणि दोन कामांचे ब्रेक

माझी आत्या पोटापाण्यासाठी लोकांचे कान तपासते. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर गादीसारख्या जाड भिंतींची एक खोली आहे. तिथे माणसाला हेडफोन घालून बसवायचं, काचेपलीकडून एकेक बारीक आवाज सोडायचा, आणि ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. वीस वर्षं ती हेच करते आहे. आवाज इतका हळू की तिथली माणसंही कुजबुजत बोलायला लागतात. आणि महिन्यातून एका रविवारी हीच बाई हेल्मेट चढवून शहराबाहेरच्या ट्रॅकवर गाडी अशी पळवते, की बघणाऱ्यानं कठडा घट्ट धरावा.

हे खूळ तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी लागलं. हॉस्पिटलमधले भूल देणारे डॉक्टर तिला सहज म्हणून ट्रॅक दाखवायला घेऊन गेले. तिथे पैजा नसतात, बक्षीस नसतं. हौशी लोक आपापल्या गाड्या आणतात आणि रस्त्यावर जे करता येत नाही ते तिथे करतात. आत्या एक फेरी शेजारच्या सीटवर बसली आणि घरी येऊन माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, मी आज पहिल्यांदा मोठ्यांदा ओरडले." पुढच्या महिन्यात ती स्वतःची गाडी घेऊन गेली. गाडी म्हणजे तरी काय, भाजी आणायची, कामावर जायची छोटी लाल डबी. आणि दर सोमवारी त्याच डबीतून आजोबांना गुडघ्याच्या व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यायचं.

आजोबा म्हणजे आत्याचे वडील. दोघं एकाच घरात राहतात आणि दिवसातून चारदा एकमेकांवर रुसतात. आजोबांनी चौतीस वर्षं बस चालवली. डेपोत त्यांना 'मखमल' म्हणायचे, कारण त्यांच्या बसमध्ये उभा असलेला माणूससुद्धा थांब्यावर गाडी थांबली की पुढे झुकत नसे. आत्याच्या ट्रॅकबद्दल त्यांचं एकच मत होतं, "जिथून निघालो तिथेच परत यायचं, मग एवढी घाई कशाला?"

पहिले तीन रविवार छान गेले. चौथ्या रविवारी, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, आत्यानं ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं तळाला गेलं. तिनं दोनतीनदा झटपट दाबलं, थोडा ब्रेक लागला, पण तोवर वळण हुकलं होतं. गाडी बाहेरच्या खड्यांच्या मैदानात घुसली आणि रुतून थांबली. कोणाला खरचटलंही नाही. आत्यानं गाडी धुतली, घरी आणली आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भात लावला.

दुसऱ्या दिवशी आजोबा गाडीभोवती फिरून आले. मूठ उघडून त्यांनी टेबलावर पाचसहा गोल खडे ठेवले.

"चाकाच्या आत अडकले होते. आपल्या रस्त्यावर असे खडे नाहीत."

आत्या भांडी आवरू लागली.

"ब्रेक गेला?"

"गेला नाही, बाबा. आला नाही."

आजोबांना हसू आवरलं नाही, पण ते रागातच हसले. "हसलो म्हणजे माफ केलं असं समजू नकोस," असं म्हणून ते आत गेले.

आत्या घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच तिनं केलं. सगळ्यात जबर औषध घेतलं. इंटरनेटवर वाचून तिनं थेट शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक पॅड मागवले आणि जवळच्या गॅरेजात बसवून घेतले. ट्रॅकवर दोनच फेऱ्या मारून बघितल्या, त्यात ते पॅड झकास चालले. पण आमच्या गल्लीत! गाडी हळू झाली की असा कर्कश आवाज निघे, की समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली जाई. शेजारच्या काकू खिडकीतून ओरडायच्या, "अगं, त्या गाडीला तेल पाज!" आजोबा मात्र शांत. "लोक उगाच बोंब मारतात," म्हणायचे.

आवाज परवडला, पण खरी गंमत सोमवारी सकाळी झाली. गारठा होता, घरापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर. गेटपाशी आडवा दांडा खाली होता. आत्यानं नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि गाडी जणू विचार करू लागली, थांबू की नको? आजोबांचा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर आपटला. पहारेकरी उडी मारून बाजूला झाला. आत्यानं सगळा जीव पायात आणला तेव्हा गाडी दांड्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

आजोबांनी पाय मागे घेतला. मग आजोबा म्हणाले, "व्यायाम राहू दे. गाडी वळव. मेस्त्रीकडे चल. आणि तिथवर पुढे भिंत आहे असं समजून हळू चालव."

मेस्त्री आजोबांच्याच डेपोतले. निवृत्तीनंतर त्यांनी दोन गाड्या मावतील एवढी जागा घेतली आणि तिथे फक्त ब्रेकचं काम करतात. इंजिनाचं काही सांगितलं तर हात जोडतात. त्यांनी चाक काढलं, पॅड बोटांनी चाचपले आणि आत्याकडे पाहिलं.

"ताई, हे पॅड तापल्याशिवाय कामाला लागत नाहीत. ट्रॅकवर ते तापतात. हॉस्पिटलला जाताना कसे तापणार?"

"पण आधीचे पॅड तिकडे दगा देत होते."

"पॅडनं दगा दिला नाही. पेडल मऊ पडलं ना? तळाला गेलं? मग ते ब्रेक ऑइल उकळलं. जुनं ऑइल हवेतलं पाणी पिऊन बसतं. तापलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि तुम्ही वाफ दाबत बसता. डोकं दुखत होतं ताई, तुम्ही गुडघ्याला पट्टी बांधली."

आत्या खजील झाली. मग तिनं पॅड जिला पकडतात त्या चकतीचा, मोठ्या डिस्कचा विषय काढला, तर मेस्त्रींनी गाडीचं चाक वाजवून दाखवलं. "या चाकात मावणार नाही. आणि गरजही नाही. जास्त तापलं तरी न उकळणारं ताजं ऑइल, रबराऐवजी स्टीलच्या जाळीची नळी म्हणजे पेडल टणक राहील, आणि मधल्या जातीचे पॅड. गार असतानाही पकडतील, तापले तरी दम सोडणार नाहीत. शर्यत जिंकणार नाहीत, पण घरी आणतील. फक्त चारपाच फेऱ्या झाल्या की एक फेरी हळू मारायची, ब्रेक गार होऊ द्यायचे."

मग आवाज किती येतो ते बघायला मेस्त्रींनी गाडी अंगणात पुढेमागे घेतली. कर्रर्र! आत्यानं कानावर हात ठेवले, पलीकडच्या टायरवाल्यानंही ठेवले. आजोबा मध्ये उभे राहून विचारत होते, "आवाज कुठाय? काढा की आवाज!"

मेस्त्री हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी पुन्हा गाडी हलवली. आजोबांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"येतोय का आत्ता?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतोय, बाबा. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा."

चार वर्षं आत्या त्यांच्या मागे लागली होती, कान तपासून घ्या. त्यांचं उत्तर ठरलेलं, "माझे कान ठणठणीत आहेत, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." त्या दिवशी ते टायरच्या ढिगावर बसून राहिले. पण मंगळवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. "चल. तुझी ती खोली बघू."

त्या तपासणीची हकिगत आत्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितली. खालचे जाड आवाज त्यांना नीट येत होते. बारीक आवाज सुरू झाले आणि ते नुसते काचेतून तिच्याकडे बघत राहिले. ती आवाज वाढवत गेली. मग तिनं आवाज बंद केला, तर ते भराभर बटण दाबायला लागले. आत्यानं दार उघडलं.

"बाबा, मी काहीच सोडलं नव्हतं."

"मला वाटलं," आजोबा म्हणाले, "नाही दाबलं तर तुला वाईट वाटेल."

हजारो माणसांना शांतपणे निकाल सांगणारी आत्या त्या दिवशी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

चौतीस वर्षं इंजिनाशेजारी बसून गेलेलं ऐकणं परत येत नाही. पण कानाचं मशीन आलं. पहिला आठवडा घरात महाभारत. फ्रिज गुरगुरतो, वर्तमानपत्र कडकडतं, आत्या चहा ढवळते की घंटा वाजवते! दोनदा मशीन फळीवर फेकलं गेलं. ते कानात टिकलं ते मेस्त्रींमुळे. नवे पॅड बसवल्यावर त्यांनी सांगितलं, "हे आता रुळवावे लागतील. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीचा वेग घ्या, वीसवर आणा, पूर्ण थांबू नका. असं आठदहा वेळा. मग ब्रेक न लावता थोडं फिरा, थंड होऊ द्या. आणि शेजारी कान देणारा माणूस बसवा. घासल्याचा आवाज आला तर लगेच परत या."

"मी बसतो," आजोबा म्हणाले.

रविवारी उजाडल्यावर दोघं नव्या, अजून वर्दळ नसलेल्या रस्त्यावर गेले. मागच्या सीटवर मी. आत्या दाबायची, गाडी नाक खाली घालायची, आम्ही तिघंही पुढे. तिसऱ्या वेळी आजोबांनी हात वर केला.

"दाबतेस चांगली. सोडतेस धाडकन. ब्रेक दाबायला कोणीही शिकतं गं. सोडायला शिक. पायाखाली झोपलेलं मांजर आहे, पाय असा काढ की ते जागं होता कामा नये."

"ट्रॅकवर मांजर नसतं, बाबा."

"वजन असतं ना? पुढे आलेलं वजन एकदम मागे सोडलंस तर गाडी वळणात गोंधळणार नाही तर काय?"

आत्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हेच तिला ट्रॅकवरचे शिकवणारे दोन महिने सांगत होते, इंग्रजीतून आणि आकृत्या काढून. पुढच्या सात वेळा आजोबांनी डोळे मिटून गाडी ऐकली. शेवटी म्हणाले, "घासत नाही. बारीक सूं असा येतो. तो चालतो?"

"तो चालतो," आत्या म्हणाली. आवाज तिला आधीपासून येत होता. तिनं तो त्यांच्या तोंडून ऐकायला ठेवला होता.

पुढच्या ट्रॅकच्या रविवारी आजोबाही गेले. वयाचं कारण सांगून ट्रॅकवाले त्यांना गाडीत बसू देईनात. त्यांनी हुज्जत घातली नाही, वळणाच्या अलीकडच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. लाल डबी दर फेरीला तिथे आली, दबली, सावकाश सुटली आणि वळणाला चिकटून निघून गेली. पाच फेऱ्या झाल्या, एक हळू, पुन्हा पाच. पेडल शेवटपर्यंत टणक राहिलं. मोठ्या गाड्या तिला मागे टाकत होत्या, त्याचं आत्याला काही वाटत नव्हतं. सोमवारी सकाळी गारठ्यात तीच गाडी हॉस्पिटलच्या दांड्यापाशी आली आणि पहिल्या स्पर्शाला थांबली. पहारेकरी तरीही दोन पावलं मागे सरला होता.

आता आजोबा दर महिन्याला जातात. घडीची खुर्ची, टोपी, पाण्याची बाटली घेऊन त्याच कठड्याशी बसतात. भूल देणारे डॉक्टर फेऱ्या संपल्या की त्यांच्यापाशी येऊन विचारतात, "कसं होतं?" आजोबा त्यांना म्हणतात, "डॉक्टर, तुम्ही रोग्याला इतक्या हळुवार झोपवता, मग गाडीला असं धाडकन का उठवता?"